संपाचा हक्क घेतला, मोबदला दिलाच नाही: भारतीय पोलिसांच्या थकव्याचा इतिहास

१.
१८ ऑगस्ट १९८२. त्या दिवशी मुंबईत लष्कर बोलवावे लागले, आणि ज्यांना आवरण्यासाठी ते बोलावले गेले त्यांच्या अंगावर पोलिसांची वर्दी होती. नायगाव आणि वरळी येथील पोलीस वसाहती असंतोषाची केंद्रे बनल्या होत्या. लोकलगाड्या अडवल्या गेल्या, दुकाने लुटली गेली, माणसे मृत्युमुखी पडली. ज्या शहराचा बंदोबस्त देशात नावाजला जाई, त्या शहराचे रक्षकच रस्त्यावर उतरले होते.

२.
या घटनेची नोंद सरकारदरबारी ‘बंड’ अशी झाली आणि लोकांच्या आठवणीतून ती लवकरच पुसली गेली. बेशिस्तांना शिक्षा झाली, प्रकरण संपले, असे मानले गेले. परंतु शिस्तीसाठी ओळखले जाणारे हजारो शिपाई एका सकाळी अकस्मात बेशिस्त होत नाहीत. त्यामागे ज्या वातावरणात ते रोज काम करतात त्याचा दीर्घ इतिहास असतो. हा थ्रेड त्या इतिहासाविषयी आहे. पोलिसाच्या प्रकृतीचा प्रश्न हा मुळात त्याच्या कामाच्या संस्कृतीचा प्रश्न आहे आणि ती संस्कृती कायद्याने घडवलेली आहे, हे त्यातून दिसून येते.

३.
प्रथम १९८२ ची मुंबई. १८ जानेवारीपासून दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. संप आठव्या महिन्यात पोहोचला होता आणि त्याच्या बंदोबस्ताचा भार पोलिसांवर होता. यातली अडचण अशी की शिपाई आणि गिरणी कामगार ही दोन वेगळी जगे नव्हती. दोघेही बहुधा कोकणातून नाहीतर घाटावरून आलेले, शेजारशेजारच्या चाळींत राहणारे. दिवसभर ज्याच्यासमोर लाठी घेऊन उभे राहायचे, तो रात्री त्याच गल्लीत भेटायचा. १५ ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावून निषेध नोंदवला. मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले यांच्या सरकारने संघटनेच्या नेत्यांना अटक केली आणि भडका उडाला.

४.
मागण्या काय होत्या? बरे वेतन, राहायला घर, कामाच्या तासांना मर्यादा, वरिष्ठांच्या घरची कामे करण्यातून सुटका आणि आपले म्हणणे मांडण्यासाठी संघटना. यात राज्य उलथवून टाकण्यासारखे काही नव्हते. गिरणीतल्या मजुराला कारखाना कायद्याने पाळी, सुटी आणि जादा कामाचा मोबदला दिलेला होता. त्याच्यावर पहारा करणाऱ्याला यांपैकी काहीच हक्क म्हणून मिळालेले नव्हते. हा फरक कोठून आला, हे पाहण्यासाठी आणखी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

५.
१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी भारतातील पोलीस व्यवस्था नव्याने उभारली. १८६० मध्ये आयोग बसला आणि १८६१ चा पाचवा कायदा आला. लंडनमध्ये रॉबर्ट पील यांनी १८२९ मध्ये उभे केलेले नागरी पोलीस दल डोळ्यांसमोर होतेच. तरीही भारतासाठी आदर्श मुख्यतः आयर्लंडच्या सशस्त्र कॉन्स्टॅब्युलरीचा घेतला गेला. कारण उघड होते. लंडनमधील दलाला लोकांची संमती हवी होती. आयर्लंडमधील दलाने जित प्रजेला धाकात ठेवायचे होते. भारतातही तेच अपेक्षित होते. अशा दलात शिपायाकडून विचाराची अपेक्षा नसते. त्याने हुकूम मिळताच हजर व्हावे, एवढे पुरते.

६.
या कायद्याचे बाविसावे कलम इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. प्रत्येक पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर आहे असे मानले जाईल आणि त्याला केव्हाही, जिल्ह्यात कोठेही कामाला लावता येईल, असा त्याचा आशय आहे. मुंबई इलाख्यासाठी पोलिसांचे कायदे वेगळे होते. स्वातंत्र्यानंतर ते एकत्र करून १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम झाला, जो आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात तीच ‘सदैव कर्तव्यावर’ची कल्पना कायम राहिली. संविधान लागू होऊन वर्ष उलटले होते, परंतु शिपायाच्या चोवीस तासांवरचा हक्क ज्याच्या त्याच्याकडेच होता.

७.
कलमाचा मूळ हेतू समजून घेणे न्यायाचे ठरेल. सुटीवर असलेल्या पोलिसासमोर चोरी घडली तर ‘माझी पाळी संपली’ असे म्हणून त्याला पाठ फिरवता येऊ नये, यासाठी अशी तरतूद आवश्यकच असते. दोष तिच्या वापरात शिरला. अधिकार सदैव असणे वेगळे आणि राबणे सदैव असणे वेगळे. पोलीस ठाण्याच्या रोजच्या व्यवहारात हा भेद पुसला गेला. मग रजा ही हक्काची गोष्ट न राहता साहेबांच्या मर्जीची झाली, आणि ‘बंदोबस्त आहे’ हे दोन शब्द कोणतीही रजा रद्द करण्यास पुरेसे ठरू लागले.

८.
दुसरा धागा १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाचा. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने पोलिसांविषयी अतिशय कठोर निष्कर्ष काढले. दल अकार्यक्षम आहे, प्रशिक्षण अपुरे आहे, लोक त्याला भ्रष्ट आणि जुलमी समजतात, असे त्याने नमूद केले. त्यावर उपाय म्हणून शिपायाकडे निर्णयाची कामे फारशी देऊ नयेत, पहारा, कैद्यांची ने-आण, गस्त यांसारखी यांत्रिक कामे त्याने वरिष्ठांच्या थेट देखरेखीखाली करावीत, अशी भूमिका घेतली गेली. शिपाई विश्वासाला पात्र नाही, हे अशा रीतीने व्यवस्थेचे गृहीतक झाले. दलातील बहुसंख्य माणसे याच पायरीवर भरती होत आणि अनेक जण फार तर हवालदार होऊन निवृत्त होत.

९.
अविश्वासाची ही पायरी रोजच्या जगण्यात कशी उतरते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ऑर्डर्लीची प्रथा. प्रशिक्षण घेतलेला, बिल्ला-नंबर असलेला शिपाई साहेबांच्या घरी भाजी आणतो, मुलांना शाळेत सोडतो, कुत्र्याला फिरवतो. तामिळनाडूने ही प्रथा १९७९ मध्ये कागदोपत्री बंद केली. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला ती मोडून काढण्याचे निर्देश पुन्हा द्यावे लागले. त्रेचाळीस वर्षे शासनाचा आदेश एकीकडे राहिला आणि रिवाज दुसरीकडे चालू राहिला. संस्कृती हा शब्द येथे नेमका लागू पडतो. जे नियमात नसते आणि तरीही सर्वांना ठाऊक असते, ते संस्कृतीत असते.

१०.
आता त्याच काळातील इंग्लंडकडे पाहू. १९१० मध्ये ब्रिटिश संसदेने पोलिसांना सात दिवसांतून एक दिवस विश्रांती देणारा कायदा केला. जी संसद भारतातील पोलीस व्यवस्थेलाही अंतिमतः जबाबदार होती, तिनेच आपल्या घरच्या शिपायाला साप्ताहिक सुटी कायद्याने दिली. तेवढ्याने तेथील असंतोष मिटला नाही. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली, पगार मागे पडले. ३० ऑगस्ट १९१८ रोजी लंडनच्या हजारो पोलिसांनी काम थांबवले. युद्ध चालू असताना राजधानी पोलिसांविना राहिली.

११.
या संपात लंडनचे पोलीस आयुक्त सर एडवर्ड हेन्री यांना पद सोडावे लागले. हे नाव भारताच्या इतिहासात अनोळखी नाही. बंगालचे पोलीस महानिरीक्षक असताना, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय सहकाऱ्यांच्या मोलाच्या साहाय्याने, बोटांच्या ठशांचे वर्गीकरण ज्यांच्या नावे जगभर गेले ते हेच हेन्री. गुन्हेगाराचा अंगठा ओळखण्याचे शास्त्र उभारणाऱ्या अधिकाऱ्याच्याच कारकिर्दीत त्याच्या शिपायांचा असंतोष रस्त्यावर आला. कर्तबगार प्रशासकही आपल्या दलाच्या मनातले ऐकू शकत नसेल, तर दोष केवळ व्यक्तीचा नसतो. ऐकण्याची वाटच बांधलेली नसते.

१२.
ब्रिटनने ती वाट बांधली. लॉर्ड डेझबरो यांच्या समितीने वेतनात मोठी वाढ सुचवली आणि देशभर सेवाशर्ती एकसारख्या असाव्यात असा आग्रह धरला. १९१९ च्या पोलीस कायद्याने एक व्यवहार पूर्ण केला. पोलिसांना कामगार संघटनेत सामील होण्यास मनाई झाली, दलात अप्रीती पसरवणे हा गुन्हा ठरला. त्याच वेळी त्याच कायद्याने ‘पोलीस फेडरेशन’ ही वैधानिक संस्था निर्माण केली, जिच्यामार्फत खालच्या हुद्द्यांवरील पोलिसांचे निवडून दिलेले प्रतिनिधी सेवाशर्तींविषयी बोलू शकत होते. हक्क काढून घेतला आणि त्याची किंमतही चुकवली.

१३.
हा व्यवहार सौम्य नव्हता. ऑगस्ट १९१९ मध्ये याच कायद्याविरुद्ध पुन्हा संप झाला, विशेषतः लिव्हरपूलमध्ये. शहरात लुटालूट माजली, लष्कर आले. संपात उतरलेल्या दोन हजारांहून अधिक पोलिसांना बडतर्फ करण्यात आले आणि कोणालाही परत घेतले गेले नाही. फेडरेशन हीसुद्धा दात काढलेली संघटना आहे, अशी टीका दीर्घकाळ होत राहिली. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. ब्रिटनमध्ये त्यानंतर पोलिसांचा संप झाला नाही.

१४.
मग भारतात काय झाले? असहकार चळवळीच्या काळात, १९२२ मध्ये, पोलिसांमध्ये अप्रीती निर्माण करण्यास शिक्षा ठरवणारा कायदा येथेही आला. १९१९ च्या ब्रिटिश कायद्यातील बंदीचा भाग समुद्र ओलांडून आला. फेडरेशनचा भाग आला नाही. भारतीय पोलिसांच्या कार्यसंस्कृतीचा पुढचा सारा इतिहास या अर्धवट आयातीत सामावलेला आहे. शिपायाला गप्प बसवण्याचे कलम मिळाले, त्याचे ऐकून घेणारी संस्था मात्र मिळाली नाही.

१५.
स्वातंत्र्याने हा हिशेब पूर्ण करायला हवा होता. संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला सुरक्षा दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार दिला. त्याच्या आधारे १९६६ मध्ये पोलिसांच्या संघटनास्वातंत्र्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. एप्रिल १९६७ मध्ये दिल्लीचे शिपाई गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या निवासस्थानासमोर जमले. अटका झाल्या, संघटनेची मान्यता गेली. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध वैध ठरवले. कायद्याचा प्रश्न तेथे सुटला. माणसांचा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला.

१६.
मे १९७३ मध्ये उत्तर प्रदेशात प्रांतीय सशस्त्र दलाने, म्हणजे पीएसीने, बंड केले. लष्कर आणि पीएसी यांच्यात गोळीबार झाला, जीव गेले. पुढच्याच महिन्यात मुख्यमंत्री कमलापती त्रिपाठी पायउतार झाले. एका राज्याचे सरकार शिपायांच्या असंतोषामुळे कोसळले, ही घटना देशाला हादरवणारी होती. तरी तिचा अर्थ पुन्हा ‘शिस्तीची समस्या’ असाच लावला गेला. १९६७ मध्ये दिल्ली आणि १९७३ मध्ये उत्तर प्रदेश, या दोहोंमध्ये सहा वर्षांचे अंतर होते. पुढचा भडका यायलाही सहाच वर्षे लागली.

१७.
१९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. फेब्रुवारी १९७९ मधील त्याच्या पहिल्याच अहवालाने शिपायाच्या अवस्थेला हात घातला. त्याच्या कामाचे तास रोज दहा ते सोळा असल्याचे त्यात नोंदले गेले. ऑर्डर्ली प्रथा बंद करा, घरे द्या, गाऱ्हाणी ऐकण्याची यंत्रणा उभारा, शिपायाला यंत्र समजणे सोडून त्याला विचार करणारा कर्मचारी माना, असे आयोगाने सांगितले. फ्रेझर आयोगाची भूमिका पाऊण शतकानंतर अधिकृतपणे नाकारली गेली होती.

१८.
अहवाल आला त्यानंतर तीन महिन्यांतच पंजाबातून पोलिसांचे आंदोलन पेटले आणि राज्याराज्यांत पसरले. केंद्रीय राखीव पोलीस दल आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातही अस्वस्थता पोहोचली. जून १९७९ मध्ये बोकारो येथे औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान आणि लष्कर समोरासमोर आले, रक्त सांडले. रोग्याची तपासणी झालेली होती, औषधही लिहून दिलेले होते, परंतु ते विकत आणायला कोणी गेले नाही. तीन वर्षांनी मुंबईत जे घडले ते याच दुर्लक्षाचे पुढचे प्रकरण होते. तेथेही संघटनेवर बंदी आली, अनेक जण बडतर्फ झाले आणि प्रश्नाची फाईल मिटली.

१९.
येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. पोलिसांनी संप केला तर शहर उघडे पडते. १९१९ चे लिव्हरपूल आणि १९८२ ची मुंबई या दोन्ही ठिकाणी लूट झाली, आणि तिचा फटका ज्यांच्याकडे स्वतःचे पहारेकरी नसतात अशांनाच अधिक बसतो. शस्त्रधारी दलाने सरकारला वेठीस धरणे लोकशाहीला परवडणारे नाही. म्हणून पोलिसांना संपाचा हक्क नसणे समर्थनीय आहे. परंतु हा युक्तिवाद येथेच थांबवता येत नाही. समाजाच्या हितासाठी एखाद्याचे सर्वांत मोठे हत्यार काढून घेतले, तर त्याच्या न्याय्य गाऱ्हाण्यांची जबाबदारी समाजावर येते. हे कर्ज आहे आणि ते थकलेले आहे.

२०.
थकलेल्या कर्जाचे व्याज कोण भरते? प्रथम पोलिसाचे शरीर. पोलिसांच्या ताणाचा अभ्यास करणारे दोन गोष्टी वेगळ्या करतात: कामातला ताण आणि कार्यालयातला ताण. पहिल्यात दंगल, मृतदेह, धोका हे येते. दुसऱ्यात अनिश्चित वेळापत्रक, रजेची अनिश्चिती, वरिष्ठांचा अपमानास्पद स्वर, मर्जीवरच्या बदल्या हे येते. सर्वसामान्यांना पहिला ताण दिसतो, कारण चित्रपटांत तोच असतो. अनेक देशांतील अभ्यासांनी वारंवार दाखवले आहे की दुसरा ताणही तितकाच, पुष्कळदा अधिक, माणसाला पोखरतो. गुन्हेगाराशी झुंजण्याची तयारी करून आलेला माणूस साहेबांच्या केबिनबाहेर रजेचा अर्ज घेऊन ताटकळताना खचतो.

२१.
आकडे हेच सांगतात. पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी २०१४ मध्ये झालेल्या देशव्यापी अभ्यासात पोलीस ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक काम करतात असे आढळले. दोन तृतीयांशांहून अधिक ठाणेप्रमुखांनी आपले कर्मचारी अकरा तास किंवा त्याहून अधिक राबतात हे मान्य केले. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ यांच्या २०१९ च्या अहवालात कामाचा सरासरी दिवस चौदा तासांचा निघाला. वरिष्ठ आपल्या हाताखालच्यांना घरची, खासगी कामे सांगतात, असे दर चार पोलिसांपैकी एकाने सांगितले. १९७९ च्या अहवालाशेजारी हे आकडे ठेवले तर मध्ये चाळीस वर्षे गेली आहेत, यावर विश्वास बसत नाही.

२२.
त्यानंतर घर. महाराष्ट्रात याचे चित्र कोणालाही सहज डोळ्यांसमोर आणता येईल. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर लाखोंच्या गर्दीत दोरखंड धरून उभा असलेला हवालदार इतरांच्या गणपतीला वाट करून देत असतो, आणि त्याच्या घरचा गणपती शेजाऱ्यांनी पोहोचवलेला असतो. दिवाळी, ईद, निवडणूक, सामना, मंत्र्यांचा दौरा, सर्वत्र हेच. अवेळी जेवण आणि मोडलेली झोप यांतून येणारे रक्तदाब आणि मधुमेह पोलीस वसाहतींत घरोघरी ओळखीचे असतात. दरवर्षी २१ ऑक्टोबरला कर्तव्यावर मृत्यू पावलेल्यांना मानवंदना दिली जाते, आणि ती योग्यच आहे. कर्तव्याने हळूहळू झिजवलेल्यांची मात्र कोठे नोंद होत नाही.

२३.
शेवटी हे व्याज नागरिकाकडे येते. उपअधीक्षक निरीक्षकाला झापतो, निरीक्षक उपनिरीक्षकावर ओरडतो, तो हवालदारावर, हवालदार शिपायावर. शिपायाच्या खाली दलात कोणी नसते. त्याच्या समोर असतो तो तक्रार नोंदवायला आलेला गरीब माणूस. ठाण्याच्या पायरीवर जो उर्मट स्वर ऐकू येतो, तो अनेकदा आतल्या खोलीतून हस्तांतरित झालेला असतो. यामुळे कोठडीतील मारहाण किंवा लाचखोरी क्षम्य ठरत नाही. तिची जबाबदारी करणाऱ्याचीच असते. परंतु ज्याला स्वतःच्या कार्यालयात सन्मान म्हणजे काय हे कधी अनुभवता आले नाही, त्याने तो अनोळखी माणसाला अचूक द्यावा, ही अपेक्षा व्यवस्थेने कोणत्या आधारावर करावी?

२४.
आपल्या लोकसंस्कृतीनेही यात भर घातली. दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५ मध्ये आला आणि लोकप्रिय झाला. पुढे ‘पांडू’ हे शिपायाला चिडवण्याचे सर्रास नाव झाले. वरून अविश्वास आणि खालून टवाळी, या दोन पाटांमध्ये दलातील सर्वांत मोठा वर्ग दळला गेला. अधिकाऱ्यांवर आत्मचरित्रे निघाली, चित्रपट निघाले. शिपायाच्या नजरेतून सांगितलेला पोलिसांचा इतिहास मराठीत अजून फारसा लिहिला गेलेला नाही. तरुण अभ्यासकांसाठी हे मोकळे रान आहे. पोलीस वसाहतींतील निवृत्तांच्या आठवणी आजच टिपल्या नाहीत, तर १९८२ चा वृत्तांत केवळ सरकारी कागदांतून वाचावा लागेल.

२५.
निराशेत भर घालून थांबावे असा हा विषय नाही, कारण मुंबईनेच एक वाट दाखवली आहे. मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा कोणत्याही सल्लागार संस्थेचा नव्हता. त्याच ठाण्यातील एका शिपायाने उपलब्ध मनुष्यबळात पाळ्या कशा बसतील याचे गणित मांडले आणि ते वरपर्यंत पोहोचवले. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते ऐकले. १ जानेवारी २०१७ पासून ही पद्धत शहरातील सर्व ठाण्यांत लागू झाली. ज्या हुद्द्याने यांत्रिक कामेच करावीत असे १९०३ मध्ये ठरले होते, त्याच हुद्द्यावरच्या माणसाने दीडशे वर्षे अशक्य मानलेला प्रश्न कागदावर सोडवून दाखवला.

२६.
पुढे काय झाले, तेही शिकण्यासारखे आहे. करोनाच्या काळात घडी विस्कटली. मनुष्यबळाचा तुटवडा, वाढते बंदोबस्त आणि बदलते आयुक्त यांत आठ तासांची पाळी कधी आली, कधी गेली. महिला पोलिसांसाठी ती २०२१ पासून राज्यात काही ठिकाणी नव्याने सुरू झाली. या चढउताराचे कारण सोपे आहे. सुधारणा एका संवेदनशील अधिकाऱ्याच्या आदेशावर उभी होती. तिला कायद्याचा पाया नव्हता. जे मर्जीने मिळते ते मर्जीने जाते, आणि पोलिसाची रजा व पोलिसांची सुधारणा या दोन्ही गोष्टी आजही त्याच एका मर्जीवर अवलंबून आहेत.

२७.
२००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे महत्त्वाचे निर्देश दिले. बदल्या-बढत्यांसाठी आस्थापना मंडळे आणि नागरिकांच्या तक्रारींसाठी प्राधिकरणे त्यांतून आली. आस्थापना मंडळाकडे पोलिसांना गाऱ्हाणे नेता येते, परंतु त्या मंडळावर वरिष्ठ अधिकारीच बसतात. शिपायांनी निवडून दिलेला प्रतिनिधी तेथे नसतो. केरळात मात्र पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना अनेक दशके कार्यरत आहे आणि त्यामुळे ते राज्य अराजकात बुडालेले नाही. शिपायाला बोलू दिले तर शिस्त मोडेल, या भीतीला देशातच उत्तर उपलब्ध आहे.

२८.
म्हणून योगासने, तणावमुक्तीची व्याख्याने आणि समुपदेशनाच्या शिबिरांनी समाधान मानणे पुरेसे नाही. ती चांगलीच आहेत, परंतु शिबिराला जायलाही सुटी लागते. आवश्यक गोष्टी तीन आहेत. पहिली, साप्ताहिक सुटी आणि पाळीचे तास कायद्यात लिहिणे, म्हणजे ‘सदैव कर्तव्यावर’ या कलमाचा अर्थ अधिकारापुरता मर्यादित होईल. दुसरी, रिक्त पदे भरणे, कारण माणसांविना पाळ्या कागदावरच राहतात. तिसरी आणि सर्वांत जुनी, निवडून आलेल्या प्रतिनिधींची वैधानिक संस्था, जिला संपाचा हक्क नसेल पण ऐकले जाण्याचा हक्क असेल. ब्रिटिशांनी १९१९ मध्ये आपल्या शिपायाला जे दिले आणि १९२२ मध्ये आपल्याला नाकारले, तेच हे.

२९.
इतिहासात उठाव मोजण्याची सवय असते: १९६७, १९७३, १९७९, १९८२. त्यानंतर एवढा मोठा भडका उडालेला नाही, म्हणून प्रश्न मिटला असे समजणे सोयीचे आहे. परंतु असंतोष रस्त्यावर येईनासा झाला, तर तो कोठेतरी जातोच. तो झोपेच्या गोळीत जातो, दवाखान्याच्या रांगेत जातो, घरातल्या भांडणात जातो, ठाण्यात आलेल्या माणसावरच्या खेकसण्यात जातो. १८ ऑगस्ट १९८२ रोजी नायगावच्या चाळींतून जे मागितले गेले होते, त्यातले बहुतेक आजही मागावेच लागते आहे. फरक इतकाच की आता ते एकेकट्याने, रजेच्या अर्जावर, हलक्या आवाजात मागितले जाते.